गौचरनचे दार

(एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हटले की दिल्ली, दुबई, सिंगापूर अशी नावे ओठांवर येतात. झगमगती दुकाने, सरकते पट्टे, काचेच्या भिंती. आजच्या विषयातील विमानतळाला यापैकी फारसे काही लाभलेले नाही. त्याची धावपट्टी एकच आहे आणि त्याच्या चारही बाजूंना डोंगर आहेत. तरीही भारताच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासातील काही मोलाचे आणि काही अत्यंत क्लेशकारक प्रसंग याच धावपट्टीशी बांधलेले आहेत. हा विमानतळ म्हणजे काठमांडूचा त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळ.

महाराष्ट्रातून पशुपतिनाथाच्या दर्शनाला आणि नेपाळमार्गे कैलास-मानससरोवराला जाणारे असंख्य यात्रेकरू येथे उतरतात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या ज्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले, त्यांच्यासाठीही हिमालयाची वाट काठमांडूतूनच सुरू होत होती. मात्र सामान ताब्यात घ्यायचे, बाहेर पडायचे आणि हॉटेल गाठायचे, एवढाच बहुतेकांचा या जागेशी संबंध येतो. ही जागा काय आहे आणि तिचे भारताशी नाते काय आहे, याचा विचार करण्याची सवड प्रवासात मिळत नाही. तो विचार आज करावयाचा आहे.

गायरानावर उतरलेले विमान

या विमानतळाचे मूळ नाव ‘गौचरन’. नेपाळी माणसे त्याला गौचर असेही म्हणत. मराठीत ज्याला गायरान म्हणतात, तेच हे. पशुपतिनाथाच्या मंदिरालगत श्लेष्मान्तक वन आहे. भगवान शंकर मृगरूपाने येथे विहार करीत, अशी त्या वनाची पुराणकथा सांगितली जाते. त्या वनाच्या पूर्वेला पसरलेल्या कुरणात काठमांडूची गुरे चरत. १९४९ साली याच कुरणावर चार आसनांचे एक छोटेसे बीचक्राफ्ट विमान उतरले. त्यातून आले होते भारताचे नेपाळमधील राजदूत सरदार सुरजितसिंग मजिठिया. नेपाळच्या हवाई वाहतुकीचा इतिहास लिहिताना नेपाळी लेखकही याच घटनेपासून आरंभ करतात.

त्या काळचे काठमांडू कसे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे महत्त्व कळते. भारताच्या सीमेवरून राजधानीपर्यंत जाणारा मोटाररस्ता तेव्हा नव्हता. राणा घराण्यातील बड्या लोकांच्या मोटारगाड्या शेकडो हमाल बांबूंच्या चौकटीवर उचलून डोंगरांवरून वाहून नेत. भारतीय अभियंत्यांनी बांधलेला त्रिभुवन राजपथ पूर्ण झाला तो १९५० च्या दशकात. म्हणजे या राजधानीच्या दाराशी मोटारीआधी विमान पोहोचले.

एका वर्षातच या कुरणाने नेपाळचा इतिहास वळवला. शंभरहून अधिक वर्षे नेपाळमध्ये राजा नावाचा होता आणि सत्ता राणा पंतप्रधानांच्या हाती होती. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन यांनी सहलीचे निमित्त करून कुटुंबासह थेट भारतीय दूतावासात आश्रय घेतला. संतापलेल्या राणा पंतप्रधानांनी मागे राहिलेल्या अवघ्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्र यांना, गादीवर बसविले. काही दिवसांतच भारताने पाठविलेली विमाने गौचरनच्या गवतावर उतरली आणि राजांना घेऊन दिल्लीला गेली. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्रिभुवन परतले ते याच कुरणावर. राणांची एकछत्री सत्ता संपुष्टात आली. १९५५ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्र राजे महेंद्र यांनी विमानतळाला पित्याचे नाव दिले. २००८ मध्ये नेपाळमधील राजसत्ता संपली, परंतु विमानतळाचे ते नाव कायम राहिले.

डोंगर क्षमा करीत नाहीत

गवताच्या जागी काँक्रीटची धावपट्टी आली. १९६७ मध्ये लुफ्थान्साचे बोइंग ७०७ हे जेट विमान येथे उतरले. पर्यटक वाढले, विमाने मोठी होत गेली. पण डोंगर होते तेथेच राहिले.

समुद्रसपाटीपासून सुमारे १३३८ मीटर उंचीवरील ही दरी एखाद्या परातीसारखी आहे. उत्तरेला शिवपुरी, दक्षिणेला फुलचोकी, पश्चिमेला चंद्रागिरी अशी तिची कड. दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या विमानाला डोंगराची रांग ओलांडावी लागते आणि ती ओलांडताच जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसे ठरावीक अंतराला ठरावीक उंची सोडत खाली यावे लागते. एक पायरी चुकली तर सावरण्यास अवधी मिळत नाही.

१९९२ साली हे दोनदा सिद्ध झाले. ३१ जुलै रोजी थाई एअरवेजच्या विमानाला उतरण्याच्या बेतात असताना पंखांच्या झडपांमध्ये किरकोळ बिघाड जाणवला. तो दूरही झाला. पण त्या धांदलीत, पावसाळी ढगांत आणि नियंत्रण कक्षाशी चाललेल्या अपुऱ्या, गोंधळाच्या संभाषणात विमानाची दिशा चुकली. दक्षिणेकडे जात असल्याच्या समजुतीत ते उत्तरेच्या हिमालयावर जाऊन आदळले. ११३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर एकोणसाठाव्या दिवशी, २८ सप्टेंबर रोजी, पाकिस्तान इंटरनॅशनलचे विमान प्रत्येक टप्प्यावर नेमून दिलेल्या उंचीपेक्षा खाली येत गेले आणि दक्षिणेच्या डोंगरउतारावर कोसळले. १६७ जणांनी प्राण गमावले.

या दोन्ही वेळी काठमांडूच्या नियंत्रण कक्षात रडार नव्हते. वैमानिक सांगेल तेच नियंत्रकाला कळणार, विमान खरोखर कोठे आहे हे पाहण्याची सोय नाही. रडार बसले ते या अपघातांनंतर, जपानच्या साहाय्याने. येथे एक प्रश्न अस्वस्थ करतो. ज्या कुरणावर पहिले विमान भारताच्या राजदूताचे उतरले, ज्या विमानतळावरील प्रवाशांत भारतीयांचा भरणा नेहमीच मोठा राहिला, तेथे रडार पुरविण्यासाठी दूरचा जपान पुढे आला. शेजारी म्हणून आपली नजर तेव्हा कोठे होती? या प्रश्नाचे उत्तर सात वर्षांनी फार महाग पडले.

२४ डिसेंबर १९९९

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हे विमान काठमांडूहून दिल्लीला निघाले. नाताळची सुट्टी जवळ आलेली. सहलीवरून परतणारी कुटुंबे, नवविवाहित जोडपी यांनी विमान भरलेले होते. भारताच्या हद्दीत शिरल्यावर पाच जण उठले. त्यांच्याजवळ शस्त्रे होती. ती विमानात चढली होती काठमांडूहून.

पुढचे आठ दिवस अनेकांच्या स्मरणात असतील. विमान अमृतसरला उतरले, सुमारे पाऊण तास तेथे उभे राहिले आणि भारताच्या भूमीवरून पुन्हा उडून गेले. लाहोर झाले. दुबईजवळच्या लष्करी तळावर काही प्रवाशांना सोडण्यात आले आणि तेथेच एका तरुणाचा मृतदेह खाली उतरविला गेला. हा तरुण मधुचंद्राहून परतत होता. त्याची पत्नी त्याच विमानात होती आणि पती मारला गेल्याचे तिला ठाऊक नव्हते. अखेर विमान तालिबानच्या ताब्यातील कंदाहारला पोहोचले. ३१ डिसेंबर रोजी तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात ओलीस सुटले. त्या तिघांपैकी मसूद अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-महंमद ही संघटना उभी केली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला तेव्हा या संघटनेचे नाव साऱ्या देशाला परिचित झाले.

अमृतसरला काय करावयास हवे होते, कंदाहारचा निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चर्चेत काठमांडूची बाजू मागे पडली. पाच सशस्त्र माणसे एका राजधानीच्या विमानतळाची तपासणी पार करून गेली, याचा अर्थ तेथील व्यवस्था पोखरलेली होती. भारत-नेपाळ सीमा खुली, सतराशे किलोमीटरहून लांब. दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे जाण्यास व्हिसा लागत नाही. या मोकळेपणाचा लाभ भाविकांना आणि व्यापाऱ्यांना होतो, तसा शत्रूलाही घेता येतो. पाकिस्तानच्या गुप्तहेर यंत्रणेने काठमांडूत बस्तान बसविल्याचे इशारे त्या काळी वारंवार दिले जात होते. एप्रिल २००१ मध्ये काठमांडूतील पाकिस्तानी दूतावासाचा एक अधिकारी आरडीएक्स या स्फोटकासह पकडला गेला आणि त्याची हकालपट्टी झाली, तेव्हा त्या इशाऱ्यांतील तथ्य जगजाहीर झाले.

अपहरणानंतर इंडियन एअरलाइन्सने काठमांडूची सेवा काही महिने थांबविली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा भारतीय विमानात चढण्यापूर्वी, थेट शिडीपाशी, आणखी एका तपासणीची व्यवस्था झाली. काठमांडूहून परतताना या दुहेरी तपासणीचा कंटाळा करणारे प्रवासी पुष्कळ असतात. त्या रांगेत उभे राहताना एका तरुण पत्नीचे ते आठ दिवस आठवावेत. मग ती रांग लांब वाटणार नाही.

एकाच वर्षातील तीन धडे

दक्षतेच्या जोडीला सेवेचीही एक बाजू आहे आणि ती त्याच धावपट्टीवर दिसते. २०१५ या एका वर्षात या विमानतळाने तीन धडे दिले.

पहिला मार्च महिन्यात. ४ मार्चच्या सकाळी धुक्यात उतरलेले टर्किश एअरलाइन्सचे मोठे विमान धावपट्टीवरून घसरून गवतात रुतले. सुदैवाने माणसे वाचली. पण ते अवाढव्य विमान हलवायचे कसे? तशी साधने नेपाळजवळ नव्हती. चार दिवस आंतरराष्ट्रीय वाहतूक ठप्प झाली. अखेर भारतातून साधनसामग्री आणि तज्ज्ञ गेले आणि वाट मोकळी झाली. एका विमानाचे चाक रुतले आणि एका संपूर्ण राष्ट्राचा जगाशी हवाई संबंध तुटला, हे त्या चार दिवसांत दिसले.

दुसरा धडा २५ एप्रिलचा. मध्यान्हीच्या सुमारास ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने नेपाळ हादरला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. काठमांडूतील दरबार चौकांतील मंदिरे कोसळली, धरहरा मनोरा जमीनदोस्त झाला; धावपट्टी मात्र टिकली. त्याच दिवशी काही तासांत भारतीय हवाई दलाचे पहिले विमान राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान घेऊन तेथे उतरले. ‘ऑपरेशन मैत्री’ सुरू झाले. जगभरातून मदतीची विमाने निघाली, पण मोठी आंतरराष्ट्रीय विमाने उभी करण्यास जागा जेमतेम नऊ. कित्येक विमानांना आकाशात घिरट्या घालून परत फिरावे लागले. आठवडाभरात धावपट्टीला तडे जाऊ लागले, म्हणून ३ मे पासून १९६ टनांहून जड विमानांना बंदी घालावी लागली. साहाय्य दाराशी येऊन उभे होते आणि दार अरुंद होते.

तिसरा धडा अधिक कटू आहे. हवाई दलाचे जवान अहोरात्र राबत असताना काही भारतीय वाहिन्यांचे वार्ताहर ढिगाऱ्यांपुढे उभे राहून उपकाराची भाषा बोलत होते. ज्याचे घर पडले आहे त्याच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक धरून ‘कसे वाटते’ असे विचारत होते. मे महिन्याच्या आरंभीच ‘भारतीय माध्यमांनो, परत जा’ अशी मोहीम नेपाळी समाजमाध्यमांवर उसळली. पुढे सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईतील मधेशी जनतेचे आंदोलन पेटले आणि सीमेवरील मालवाहतूक काही महिने अडली. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले. नेपाळी जनमानसाने मात्र दोष भारतालाच दिला. विमानांचे इंधनही भारतातूनच टँकरने जात असल्यामुळे परदेशी विमान कंपन्यांना परतीचे इंधन बरोबर आणण्यास सांगावे लागले. एप्रिलमध्ये जवानांनी घाम गाळून मिळविलेली सद्भावना वर्ष संपण्यापूर्वीच बरीचशी आटली. सेवा करणे जितके अवघड, तितकेच तिचे मोल राखणेही अवघड असते. सेवाकार्यात आयुष्य वेचलेल्या कार्यकर्त्यांना हे निराळे सांगावयास नको. दिलेल्याचा उच्चार झाला की घेणारा संकोचतो आणि संकोचलेला शेजारी दुरावतो.

दुसऱ्या दाराचा प्रश्न

आज या विमानतळाच्या प्रस्थान कक्षात गेले तर पर्यटकांपेक्षा अधिक नजरेत भरतात ती विशीतली नेपाळी मुले. कपाळावर टिळा, गळ्यात झेंडूची माळ, हातात पारपत्राची पिशवी. आखाती देश, मलेशिया येथे रोजगारासाठी निघालेली. आई दाराबाहेर थांबते, कारण आत सोडत नाहीत. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याइतकी रक्कम परदेशी गेलेल्या अशाच हातांकडून घरी येते. आणि आगमनाच्या बाजूने अधूनमधून त्यांच्यापैकी कोणाची तरी शवपेटीही येते. एका राष्ट्राचे तारुण्य एका दारातून रोज बाहेर पडत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनाचा भडका उडाला आणि सरकार कोसळले, त्यामागच्या असंतोषाची एक मुळी या प्रस्थान कक्षात आहे. त्या आंदोलनात ९ सप्टेंबर रोजी विमानतळ बंद करावा लागला आणि दुसऱ्या दिवशी तो उघडेपर्यंत भारतीय प्रवासी तेथे अडकून पडले. त्याच वर्षी ९ मार्च रोजी याच दाराबाहेर वेगळीच गर्दी लोटली होती. १९५० मध्ये तीन वर्षांचे असताना गादीवर बसविलेले ज्ञानेंद्र, आता माजी राजे, पोखऱ्याहून येथे उतरले तेव्हा राजसंस्था आणि हिंदुराष्ट्र पुन्हा यावे अशा घोषणा देत हजारो लोक जमले होते. नेपाळने कोणत्या वाटेने जावे हे नेपाळी जनताच ठरवील. पण त्या राष्ट्राच्या मनातील खळबळ प्रथम या दाराशी प्रकट होते, एवढे खरे.

दुसरे दार उघडण्याचा प्रयत्न नेपाळने केला नाही असे नाही. लुंबिनीनजीक भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला. १ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्याच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तराईतील निजगढच्या भव्य प्रकल्पाला मात्र जंगलतोडीच्या प्रश्नावरून नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रोखले. बांधून झालेल्या दोन्ही विमानतळांवर नियमित आंतरराष्ट्रीय विमाने अपेक्षेप्रमाणे आलीच नाहीत.

याची कारणे दोन्ही बाजूंना आहेत आणि ती प्रांजळपणे मांडली पाहिजेत. पोखऱ्याचा विमानतळ चीनच्या एक्झिम बँकेच्या २१ कोटी डॉलरहून अधिक कर्जातून, चिनी कंपनीकडून उभारला गेला. त्याच्या बांधकामातील अनियमिततांवर २०२५ मध्ये नेपाळच्याच संसदीय उपसमितीने बोट ठेवले. उत्पन्न नसलेल्या विमानतळाचे कर्ज फेडायचे कोणी? अशा कर्जाचा फास कसा आवळत जातो, हे श्रीलंकेतील हंबनटोटाच्या बंदराने दाखविले आहे. हा नेपाळच्या राज्यकर्त्यांचा दोष होय.

भारताच्या बाजूचा प्रश्न हवाई मार्गांचा आहे. मोठ्या विमानांना भारताच्या आकाशातून नेपाळमध्ये शिरण्याचा मुख्य मार्ग सिमरामार्गे, म्हणजे काठमांडूच्या दक्षिणेने आहे. भैरहवाला वा पोखऱ्याला जाणाऱ्या विमानाला त्यामुळे वळसा पडतो, इंधन अधिक जळते. पश्चिमेकडून नवे प्रवेशमार्ग द्यावेत, ही नेपाळची अनेक वर्षांची मागणी. भैरहवा भारताच्या सीमेपासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. उत्तर भारतातील हवाई दलाचे तळ, सीमेची सुरक्षा, चिनी कंपन्यांचा वावर या चिंता खऱ्या आहेत. आयसी ८१४ चा अनुभव घेतलेल्या देशाने त्या वाऱ्यावर सोडाव्यात, असे कोणीही म्हणणार नाही. पण चिंता खरी असली म्हणजे उत्तर अनंत काळ लांबवावे, असे होत नाही. जेथे भारत उत्तर देण्यास उशीर करतो, तेथे दुसरा कोणी तरी थैली घेऊन उभा असतो, हे पोखऱ्याने शिकविले आहे. सुरक्षेच्या अटी स्पष्ट सांगून, त्यांची पूर्तता करण्यास साहाय्य करून मार्ग देणे, हे मार्ग अडवून ठेवण्यापेक्षा अधिक सुरक्षित धोरण ठरेल. ज्या विमानतळाच्या तपासणीत, रडारमध्ये आणि प्रशिक्षणात भारताचा हात आहे, तो विमानतळ भारताच्या शत्रूला सहजी वापरता येणार नाही.

शेजारधर्म

गावाकडे जुनी माणसे शेजाऱ्याच्या दाराकडे लक्ष ठेवीत. त्यात चोर शिरू नये म्हणून आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर धावून जाता यावे म्हणूनही. ते एकच लक्ष असे, त्याचे दोन भाग करीत नसत. काठमांडूच्या बाबतीत भारताने अनेकदा ते लक्ष वाटून टाकले. १९९९ आठवले की केवळ संशय आणि २०१५ आठवले की केवळ उपकार. यांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नाही.

सरकारांनी काय करावे ते सरकारे ठरवतील. तेथे जाणाऱ्या सामान्य कुटुंबालाही काही करता येण्यासारखे आहे. विमानतळावर सामान उचलणाऱ्या नेपाळी माणसाशी ‘बहादूर’ म्हणून नव्हे, तर दाजू किंवा भाई म्हणून बोलता येते. त्यांच्या भाषेत दाजू म्हणजे थोरला भाऊ. त्यांच्या देशाला ‘आपलेच एक राज्य’ म्हणण्याचा अजाण मोठेपणा टाळता येतो. तो शब्द तेथे जिव्हारी लागतो. शिडीपाशी दुसऱ्यांदा पिशवी उघडावी लागली तर ती हसतमुखाने उघडता येते. आपल्या शहरांत रात्री इमारतींची दारे राखणारे अनेक हात नेपाळी आहेत. त्यांच्या राजधानीच्या दाराबद्दल आपल्याला आस्था असावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

परतीच्या विमानात खिडकीशी जागा मिळाली तर उड्डाणाच्या वेळी पश्चिमेकडे पाहावे. श्लेष्मान्तक वनाची हिरवी झाडी दिसते, तिच्यापलीकडे बागमतीच्या काठी पशुपतिनाथाचे सुवर्णछत. जेथून विमान उडते ती जमीन एकेकाळी गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेली होती आणि तेथे पहिले विमान भारतातून आले होते. त्या पहिल्या विमानाचा मान राखण्याची जबाबदारी त्यानंतर तेथे उतरणाऱ्या प्रत्येक भारतीयावर आहे.